मस्टर मागा, मग माणूस शोधा

आमच्या पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक व्हिडिओ आला. कुठल्याशा सरकारी दवाखान्यातला, रात्रीचा, जेमतेम चाळीस सेकंदांचा. एक माणूस सिस्टरवर ओरडतोय, "अर्धा तास झाला हाका मारतोय, झोपा काढायला पगार घेता काय?" सिस्टर मान खाली घालून दुसऱ्याच एका रुग्णाच्या हाताची शीर शोधतेय. मागं कोणीतरी म्हातारी कण्हतेय. बस्स, एवढंच. मग दोन दिवस ग्रुपवर नुसती रणधुमाळी. एका बाजूला 'सरकारी माणसं अशीच, दोन कानाखाली दिल्याशिवाय हलत नाहीत' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला 'कोविडात ह्याच सिस्टर देव होत्या, एवढ्यात विसरलात?' म्हणत हात जोडल्याची चित्रं टाकणारे. दोन्हीकडं माझे जिवाभावाचे दोस्त आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो: दोन्ही बाजूंनी वाद चुकीचा घातला. त्या बाईचा स्वभाव कसा, नियत कशी, पगार किती, यावर तीनशे मेसेज पडले. त्या रात्री त्या वॉर्डात रुग्ण किती होते आणि ड्युटीवर माणसं किती होती, हे दोन दिवसांत एकानंही विचारलं नाही.

माझं म्हणणं इथंच सांगून टाकतो. दवाखान्यात काही बिघडलं, कुणी दगावलं, हाणामारी झाली, तर सगळ्यात आधी मस्टर, म्हणजे पाळीच्या हजेरीचं रजिस्टर, मागावं. माणूस चांगला की वाईट हे मागून ठरवता येतं. महामारीत आपले डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातले मामा-मावशी, आशाताई कशानं पिचल्या याचं उत्तर त्यांच्या त्यागाच्या गोष्टींत सापडणार नाही आणि त्यांच्या चुकांच्या बातम्यांतही नाही. ते ड्युटीच्या तक्त्यात आहे. तो तक्ता आपण वाचत नाही.

मी आरोग्य खात्यातला माणूस नव्हे. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत बावीस वर्षं शिफ्ट सांभाळतोय. आमच्याकडं लेडल, म्हणजे लोखंडाच्या रसाचं भांडं, कलंडलं आणि कुणी भाजलं, तर तपासाला येणारा कारखाना निरीक्षक 'हा ऑपरेटर देवमाणूस आहे की हरामखोर' असं विचारत बसत नाही. तो मस्टर मागतो. शिफ्टला माणसं किती पाहिजे होती, आली किती, त्यातला कोण सलग दुसरी पाळी करत होता, रिलिव्हर, म्हणजे पाळी सोडवायला येणारा बदली माणूस, का आला नाही. १९४८च्या कारखाना कायद्यानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, त्यावर काम झालं तर दुप्पट पगार. लोखंडाच्या रसाजवळ दमलेला माणूस उभा करायचा नाही, हे आपल्याला पाऊणशे वर्षांपूर्वी कळलं. व्हेंटिलेटरजवळ दमलेला माणूस मात्र चालतो. निवासी डॉक्टरांसाठीही आठवड्याला ४८ तासांची मर्यादा केंद्र सरकारनं १९९२ साली कागदावर आणली होती. कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजातल्या पोराला विचारा, त्याचे ४८ तास आठवड्याच्या कुठल्या वारी संपतात.

हे गणित मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये केंद्रानं बहुतेक कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला आणि तो दवाखान्यांकडं वळवला. आमचं गॅस कटिंग थांबलं. मालकांनी कंपनीचे सिलिंडर धुऊन, तपासून, भरून घेतले आणि एका तालुक्याच्या कोविड सेंटरला द्यायचं ठरवलं. वसतिगृहाच्या इमारतीत उभं केलेलं सेंटर. टेम्पोबरोबर जायला कोण, तर मी. सिलिंडर हाताळायची सवय म्हणून. गेलो एका खेपेसाठी आणि पुढं तीन आठवडे जात राहिलो.

आता हिशेब बघा. जंबो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन बसतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो ७०० मिनिटांत, पावणेबारा तासांच्या आत रिकामा. तिथं २० जण ऑक्सिजनवर होते. म्हणजे चोवीस तासांत ४१ सिलिंडर. दर ३५ मिनिटांना एक. नुसता रिकामा सिलिंडरच पन्नास किलोच्या पुढं भरतो; तो बुडावर तिरका करून गोल फिरवत न्यायचा, जुना सोडायचा, वॉशर बघायचा, रेग्युलेटर आवळायचा, गळती तपासायची. आमच्याकडं हे काम हेल्परसह दोघं करतात, दिवसाउजेडी, अंगात साधा शर्ट. तिथं रात्रपाळीला एकूण माणसं तीन: बीएएमएस झालेलं एक कोवळं पोरगं डॉक्टर म्हणून, एक सिस्टर आणि एक मामा.

हे मामा आधी वडापची, म्हणजे सीटवर पैसे घेऊन माणसं नेणारी, जीप चालवायचे. लॉकडाऊनमध्ये वडाप बंद पडलं म्हणून तीन महिन्यांच्या कंत्राटावर इथं लागलेले. पीपीई किटच्या आत चष्म्यावर वाफ धरायची, गेजचा काटा दिसायचा नाही. मग ते नाक लागेपर्यंत वाकून बघायचे. पाना हरवू नये म्हणून सुतळीनं मनगटाला बांधलेला. आणि प्रत्येक सिलिंडरच्या अंगावर खडूनं वेळ लिहिलेली, कधी लावला आणि कधी संपणार. ती पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "डिझेल किती उरलंय ते काट्यावर बघायचं नसतं, साहेब. किती किलोमीटर पळालो त्यावर धरायचं." सिस्टरचा आवाज मी व्हरांड्यातून ऐकायचो. तिचं एकच वाक्य लक्षात राहिलंय: "मामा, सातचं बघा." आता सांगा, मामा सात नंबरच्या खाटेचा सिलिंडर बदलताहेत, सिस्टर चार नंबरला सलाईन लावतेय, डॉक्टर पोरगं फोनवर कुठं व्हेंटिलेटरचा बेड मिळतोय का ते विचारतंय. अशा वेळी बारा नंबरचं सॅच्युरेशन घसरलं तर ते कुणी बघायचं? आणि बारा नंबर गेला, तर सकाळी आपण त्याला काय नाव देणार आहोत? नाव तयारच असतं, हलगर्जीपणा.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, अतिदक्षता विभागात एका रुग्णामागं एक परिचारिका हवी. साध्या वॉर्डातही शिकवणीच्या रुग्णालयात तिघांमागं एक, इतरत्र पाचांमागं एक. शिवाय सुट्या, आजारपण, बाळंतपण धरून तीस टक्के जादा माणसं. हे चैनीचे आकडे नाहीत. फौंड्रीत आम्ही रिलिव्हर धरतो ना, तसंच. पण फौंड्रीत रिलिव्हर नसेल तर भट्टी बंद ठेवायची मुभा असते. दवाखाना भट्टीसारखा बंद ठेवता येत नाही, म्हणून तिथं रिलिव्हरची गरज जास्त, असं साध्या डोक्याचा माणूस म्हणेल. आपण उलटं केलं. बंद ठेवता येत नाही ना, मग असतील तेवढ्या माणसांवर रेटा.

आणि रेटण्यासाठी आपल्याकडं एक हुकमी शब्द आहे: सेवा. २२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाच वाजता मीही गच्चीवर उभा राहून थाळी वाजवली. खोटं कशाला बोलू. ३ मेला हवाई दलानं दवाखान्यांवर फुलं टाकली ती टीव्हीवर बघून डोळे भरूनही आले. तो जिव्हाळा खोटा नव्हता. पण ज्याला देव म्हटलं त्याच्या पाळीचे तास कोण मोजतो? देवाला साप्ताहिक सुट्टी असते का? आशाताईंचंच बघा. २००५ला योजना सुरू झाली तेव्हापासून त्या सरकारदरबारी 'स्वयंसेविका' आहेत. हजार लोकसंख्येमागं एक, पगार नाही, कामागणिक मोबदला. कोविडच्या कामासाठी केंद्रानं त्यांना महिन्याला १,००० रुपये दिले. दिवसाचे ३३ रुपये होतात. त्याच वेळी ड्युटीवर असताना कोविडनं मरण आलं तर ५० लाखांचा विमा होता, आणि तो आशांनाही लागू होता, हे चांगलंच झालं. मी विम्याच्या विरोधात नाही. पण मरणाची किंमत पन्नास लाख आणि जगण्याची रोजची तेहतीस रुपये ठरवणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पुढं २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. अभिनंदनाचे फलक आपल्याकडंही लागले होते.

त्यागाच्या गोष्टी आपण कशा सांगतो, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण सावित्रीबाईंचं. १८९७च्या प्लेगात मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत चालत आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळेत हे ऐकताना अंगावर काटा यायचा, आजही येतो. पण कधी असा विचार केलाय का, की छासष्ट वर्षांच्या बाईला एक मुलगा पाठीवर का न्यावा लागला? बैलगाडी कुठं होती? डोली उचलायला चार माणसं कुठं होती? त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, घराघरांत घुसून रुग्ण शोधायला गोरे सोल्जर मात्र सरकारला मिळत होते. त्यासाठी त्याच वर्षी साथरोगाचा कायदा आला होता. त्यातून जो संताप उसळला त्याचा शेवट २२ जूनला रँड आणि आयर्स्टवरच्या गोळ्यांत झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या लेखी या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट अशी की सरकारला माणसं कमी पडली नव्हती. हुकूम बजावणारी होती. सुश्रूषा करणारी नव्हती. ती जागा एका म्हातारीनं स्वतःच्या पाठीनं भरून काढली. तिला वंदन करताना ती रिकामी जागा दिसेनाशी झाली.

(इथं कोल्हापूरचा लेखक शाहू महाराजांचं नाव घेणार अशी वाचकाची खात्री असते. आमच्याकडं रस्ता उकरण्याच्या कार्यक्रमातही ते घेतलं जातं. म्हणून मी एवढंच म्हणतो की त्यांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज गावात आहे, आणि त्यातल्या भरलेल्या-रिकाम्या पदांचा आकडा त्यांच्या पुतळ्याएवढा ठळक दिसायला हवा.)

देव करून झालं की दुसरी पायरी आरोपी करण्याची. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. इमारतीत आगीपासून बचावाची धड यंत्रणा नव्हती, हे लगेच बाहेर आलं. तरी पोलिसांची पायरी चढावी लागली ती त्या रात्रीच्या परिचारिकांना. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, अकरा कोविड रुग्ण गेले, आणि अटक झाली एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. विजेची वायरिंग सिस्टर करतात का? २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस मृत्यू झाले, तेव्हा खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांनाच स्वच्छतागृह धुवायला लावलं. कॅमेरे चालू होते. सफाई कामगारांची पदं किती आणि भरलेली किती, हा प्रश्न त्या झाडूखाली गेला.

हे आजचं नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ला पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. सरकारनं हाफकिनना दोषी धरून बाजूला केलं. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला, ही गोष्ट तपासात आलेली होती. तरी त्यांच्यावरचा डाग पुसला जायला १९०७ उजाडलं. माणूस आधी धरला, कागद मागून वाचले. मुंबईच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचंच नाव दिलं गेलं, म्हणजे देव-आरोपी-देव हा फेरा एका माणसाच्या बाबतीत पुरा झाला.

आता समोरच्यांची बाजू. ती कमजोर नाही. पहिलं, लोकांचा राग हवेतून आलेला नाही. कोविडात अनेक खाजगी दवाखान्यांनी लुटलं. माझ्या मेव्हण्याच्या बिलात एका दिवसाची पीपीई किट इतकी लावली होती की तेवढी घालायला दवाखान्यात माणसं नव्हती. मी स्वतः मोजून आलो. सरकारला मे २०२०मध्ये खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेऊन दर बांधून द्यावे लागले, बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवावे लागले, ते उगाच नव्हे. मग माणूस चिडला तर त्यात नवल काय? मान्य. फक्त हे बघा की तो राग उतरतो कुणावर. दर ठरवणारा संचालक रात्री दोन वाजता वॉर्डात नसतो. तिथं सिस्टर असते, जिला त्या बिलातला रुपयाही जादा मिळालेला नसतो. आणि सरकारी दवाखान्यात तर असलं बिल नसतं. तरी खाजगीतला राग घेऊन माणूस तिथं जातो आणि खुर्ची फेकतो.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. 'माणसं कमी' ही कामचुकारांची ढाल होते. हे मी फौंड्रीतच रोज बघतो. मोल्ड बिघडला की पहिलं कारण हेल्पर नव्हता. सरकारी नोकरीत सही करून गायब होणारे आहेत, खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता घेऊन संध्याकाळी स्वतःचा दवाखाना थाटणारे आहेत. आपण सगळे त्यांना ओळखतो, आणि गरज पडली की त्यांच्या त्या संध्याकाळच्या दवाखान्यातच जातो. मस्टर मागा म्हणतोय म्हणजे मी यांना सोडा म्हणतोय का? उलट यांना पकडायचा दुसरा मार्गच नाही. ज्या रात्री पाच माणसं पाहिजे होती आणि पाच हजर होती, त्या रात्री हाक मारून अर्धा तास कुणी आलं नाही तर तो सरळ गुन्हा आहे, करा कारवाई. पाच पाहिजे होती, मस्टरवर पाचांच्या सह्या आहेत आणि वॉर्डात दोनच दिसली, तर उरलेल्या तिघांना घरातून उचलून आणा. पण जागाच पाच आणि भरलेल्या दोन असतील, तर त्या दोघांच्या कानाखाली मारून तिसरा कुठून उगवणार? ढाल कागदावर मांडली की ती खरी की खोटी ते दिसतं. तोंडीच चालू ठेवली की कामसू आणि कामचुकार दोघंही तिच्यामागं उभे राहतात, आणि मार खातो तो जागेवर सापडलेला, म्हणजे बहुतेक वेळा कामसूच.

तिसरं म्हणणं संपाचं. १५ जून २०२१ला राज्यातल्या आशा संपावर गेल्या. राज्याचे कोविडचे आकडे उतरत होते आणि कोल्हापूर जिल्हा मात्र चढाच होता. दुकानं कधी उघडणार यावर व्यापारी आणि प्रशासन यांची रोज खडाजंगी. 'ही काय वेळ आहे संपाची? लोकांच्या जिवावर सौदा करताय,' असं तेव्हा भले भले म्हणाले. मी पण म्हणालो होतो. गावोगावचं सर्वेक्षण थांबलं, घरी तपासायला येणारी बाई आली नाही, आणि याची झळ बंगल्यातल्याला बसली नाही, वाडीवस्तीवरच्याला बसली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नंतर मला आमच्याकडचीच एक जुनी गंमत आठवली. भट्टी तापलेली असताना कामगारांनी तोंड उघडलं तर मालक म्हणतो, तापल्या भट्टीवर अडवणूक करता? आणि भट्टी गार असताना उघडलं तर म्हणतो, कामच नाही, कसली वाढ मागता? मग बोलायचं कधी? महामारी संपल्यावर कोण ऐकणार होतं? वडापवाले मामा तिसऱ्या महिन्याच्या शेवटी घरी गेले. एक फोन आला, 'उद्यापासून येऊ नका.' अनुभवाचा दाखला मिळवायला त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या. आशांचा संप २३ जूनला मिटला, हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता घेऊन. आठ दिवसांत देता आलं ते सव्वा वर्षात का देता आलं नव्हतं? संपाची वेळ चुकीची होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी बरोबर वेळेची तारीख सांगावी.

'एवढी मोठी साथ शंभर वर्षांत आली नव्हती, कुठलीही व्यवस्था कोलमडलीच असती,' असंही म्हणतात. इटली-अमेरिकेतही कोलमडली, हे खरं. पण आमच्या जिल्ह्यात 'अनपेक्षित' हा शब्द जपून वापरावा. २००५, २०१९, २०२१: पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कितीदा ओलांडली ते शाळकरी पोर सांगेल. २०२१च्या जुलैत कोविड वॉर्ड भरलेले असतानाच महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी. ज्यांची पाळी सुटली त्यांना घरी जाता येईना, ज्यांची लागायची त्यांना पोचता येईना. आत असलेल्यांनी पुढची पाळी उचलली, मग त्याच्या पुढची. नदीकाठच्या गावांतल्या काही सिस्टरांची स्वतःची घरं पाण्यात होती. संकट इथं ठरलेल्या महिन्यात येतं. ज्या दवाखान्यात साध्या सोमवारीच माणसं अपुरी, तिथं संकटाच्या दिवशी शिल्लक काय राहणार? साथीनं व्यवस्था मोडली म्हणणं म्हणजे गंजून चाळण झालेला पत्रा पावसानं गळला म्हणण्यासारखं आहे.

पैसे नाहीत, ही शेवटची सबब. १९४६ला देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीनं सांगितलं होतं की सुरुवात म्हणून ४०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर तरी असावेत. आज सपाट प्रदेशात ३०,००० लोकांना एक केंद्र हा निकष आहे. कागद सुधारला. त्या केंद्रातला दुसरा डॉक्टर खुर्चीवर आहे का, ते आपापल्या गावात जाऊन बघावं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. ते वर्षही गेलं. मला यातली एकच गोष्ट कळते, कारण ती कारखान्यातही तशीच चालते: रिकामी जागा पैसे वाचवते. दर महिन्याला एक पगार वाचतो आणि तो हिशेबात दिसतो. त्या रिकाम्या जागेनं जे नुकसान होतं ते हिशेबात कुठंच दिसत नाही. ते रात्री दोन वाजता, बारा नंबरच्या खाटेवर दिसतं. आणि तिथं ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर खर्ची पडतं.

दवाखान्यात हात उचलणाऱ्यांसाठी कडक कायदा करा, ही मागणी डॉक्टरांचीही असते. कायदा आहे की. महाराष्ट्रात २०१०पासून आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. एप्रिल २०२०मध्ये केंद्रानं त्याच १८९७च्या साथरोग कायद्यात अध्यादेशानं दुरुस्ती करून गंभीर इजेला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. व्हिडिओ थांबले का? थप्पड बसल्यावर लागू होणारा कायदा थप्पड थांबवत नाही. शिवाय तो नातेवाइकापासून वाचवतो, छत्तीस तासांच्या ड्युटीपासून वाचवत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जी डॉक्टर मुलगी मारली गेली, ती लांबलचक ड्युटीनंतर सेमिनार हॉलमध्ये टेकली होती. सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय कृती दल नेमलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबागवर हल्ला झाला होता १९७३ साली. एक्कावन्न वर्षांत ड्युटीवरच्या बाईला विसावायला कडी लागणारी खोली द्यायची, एवढं आपल्याला जमलं नाही.

मागणी म्हणाल तर ती अगदी बारकी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक फळा: आज रुग्ण इतके, मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, या पाळीला हजर इतकी. रोज तीनदा खडूनं बदलायचा. मृत्यूची चौकशी झाली तर त्या पाळीचं मस्टर जोडल्याशिवाय अहवाल पुरा धरायचा नाही. आणि कोविडात तीन महिन्यांच्या कंत्राटावर जे शिकले, त्यांची यादी जिल्ह्यानं जपायची, वर्षातून चार दिवस पगारी सराव द्यायचा. त्यातली कितीतरी माणसं आज परत वडाप चालवताहेत, यंत्रमागावर आहेत, फौंड्रीतही आहेत. या यादीत डॉक्टर-सिस्टर तेवढेच नकोत. पंचगंगेच्या स्मशानात कोविडच्या दिवसांत रात्रंदिवस शेणी (गोवऱ्या) रचणारे महापालिकेचे कामगार कुठल्या फलकावर आले? कोल्हापुरात अंत्यसंस्कार फुकट होतात आणि त्यासाठी लोक शेणीदान करतात, याचा आम्हाला फार अभिमान. त्या शेणी चितेवर चढवायला त्या महिन्यांत माणसं किती होती, ते मलाही आज सांगता येत नाही. मीही विचारलं नव्हतं.

फळ्यानं लगेच कुणाचा जीव वाचणार नाही, हे मला कळतं. पण आत शिरताना नातेवाइकाला दिसेल की चाळीस रुग्ण आणि दोन माणसं आहेत, तर त्याच्या ओरडण्याची दिशा बदलेल. तो आमदाराला फोन लावेल. आमदारांना नेमकं हेच नको असेल, म्हणून फळा लागणार नाही, असं माझा एक मित्र म्हणतो. त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडं काही नाही.

व्हिडिओवर दोन दिवस गप्प बसून शेवटी तिसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं: 'त्या रात्री वॉर्डात पेशंट किती होते आणि ड्युटीवर किती जण होते, कुणाला माहीत आहे का?' एकशे बारा जणांनी वाचलं. संध्याकाळपर्यंत एकच उत्तर आलं.

"ते काय म्हाईत नाही भावा. पर सिस्टरचं नाव-गाव काढलंय."